अकरा बाय पावणेसहा

जामला राहणाऱ्या माणसाला प्रवासाचं फार अप्रूप नसतं. सगळा प्रवास त्याच्या दारावरूनच जातो. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ गावाला खेटून जातो. २०१० मध्ये त्याचा क्रमांक बदलला, तरी आमच्या तोंडी तो अजून 'सात नंबर'च. चंद्रपूरचा रस्ता इथूनच फुटतो. चौरस्त्यावर उभं राहिलं की तामिळनाडूचे, पंजाबचे, हरियाणाचे ट्रक एकामागून एक येतात. लहानपणी आम्ही त्यांच्या पाट्या वाचूनच राज्यं पाठ केली. ट्रकच्या खाली, दोन चाकांच्या मधल्या सावलीत चादर टाकून झोपलेला ड्रायव्हर आणि शेजारी स्टोव्हवर शिजणारा क्लीनरचा भात. गाडीलाच घर करून राहणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो असा.

मी मात्र पस्तीस वर्षं गाड्या बांधल्या आणि गेलो कुठंच नाही. एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत मी बॉडीच्या कामावर होतो. चासी यायची, तिच्यावर आम्ही सांगाडा चढवायचो, पत्रे मारायचो, बाकं बसवायचो. आधी ॲल्युमिनियमचे पत्रे आणि रिवेट, शेवटच्या तीन-चार वर्षांत माइल्ड स्टील. आठवडाभर नागपुरात खोली आणि शनिवारी रात्री जाम, असं आयुष्य गेलं. बायको जामलाच राहिली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे सगळं गाव तिला 'बाई' म्हणतं. आता मीही म्हणतो. मी २०२१ मध्ये निवृत्त झालो, बाई २०२४ मध्ये. माझी पेन्शन महिन्याच्या किराण्याला पुरली तर पुरली. बाईची मात्र जुनी, पूर्ण पेन्शन, कारण ती १९९४ ला नोकरीला लागली आणि नव्या पेन्शनची रेघ १ नोव्हेंबर २००५ ला ओढली गेली. हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढं जी गाडीची गोष्ट आहे तीत स्वप्न माझं होतं आणि पैसे तिचे.

स्वप्न उन्हाळ्यानं दिलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, आणि स्लॅबचं घर रात्री बारापर्यंत तापलेल्या तव्यासारखं राहतं. नोकरी होती तोवर उन्हाळा सोसायचाच असतो अशी समजूत होती. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या मेमध्ये, कुलरसमोर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलो असताना, पुण्याहून मुलानं एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतले म्हातारे नवरा-बायको थंडी सुरू झाली की आपली घरासारखी गाडी काढतात आणि दक्षिणेला उतरतात. अॅरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझसाइट नावाचं एक छोटं गाव आहे, तिथं हिवाळ्यात अशा गाड्यांची जत्रा भरते. वसंत आला की सगळे परत. मला वाटलं, त्यांनी थंडीसाठी केलं ते आपण उन्हासाठी का करू नये? एप्रिलच्या मध्याला जाम सोडायचं, पहिला पाऊस पडला की पेरणीच्या आत परत यायचं. शेत भाऊ करतो. आमच्यावाचून इथं अडत नाही.

कल्पना तशी नवी नाही. इंग्रजांच्या मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीला जाऊन बसत असे, कागदपत्रं, कारकून आणि चपराश्यांसकट. आणि हौसेखातर चाकांवर घर बांधणारा पहिला माणूस म्हणून ज्याचं नाव घेतात, तो गॉर्डन स्टेबल्स नावाचा स्कॉटिश डॉक्टरही नौदलातून निवृत्त झालेलाच होता. १८८५ मध्ये त्यानं दोन घोड्यांची 'वाँडरर' नावाची गाडी बांधून घेतली. वजन दोन टनांच्या घरात. ती ओढायला घोडे, हाकायला गाडीवान, आणि एक नोकर तीनचाकी सायकलवर पुढं जाऊन रस्ता मोकळा करायचा. म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या निवांत भटकंतीसाठी दोन माणसं आणि दोन जनावरं राबत होती. तेव्हा हे वाचून मी नुसता हसलो होतो.

मग मी अभ्यासाला लागलो. बॉडीतला माणूस असल्यामुळे मला वाटत होतं, या विषयात मला कोण काय शिकवणार?

आपल्याकडे तीन वाटा आहेत. एक, मोटारीमागं ओढायची कॅराव्हॅन. ती स्वस्त पडते, पण आपल्या गावांतून, गतिरोधकांवरून आणि घाटांतून ती ओढत नेणं आणि वेळ आली की मागं घेणं हे माझ्यासारख्यालाही धडकी भरवणारं काम. दुसरी, कंपनीकडून बांधून मिळणारी तयार मोटरहोम. एका ठिकाणी मला अठ्ठावीस लाख सांगितले. बाईंनी ते ऐकून फोन माझ्या हातातून घेतला आणि 'बरं, कळवतो' म्हणून ठेवून दिला. तिसरी वाट म्हणजे फोर्स ट्रॅव्हलरसारखी मधल्या बांध्याची गाडी जुनी किंवा नवी घेऊन तिच्या आत घर बसवणं. कार्यशाळेतला हात अजून चालतो, म्हणून माझा ओढा साहजिकच तिसऱ्या वाटेकडे.

पण घरच्या घरी सीटा काढून पलंग ठोकला की मोटरहोम झाली, असं कायदा मानत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. मोटर कॅराव्हॅनसाठी वेगळं मानक आहे, गाडीची नोंद तशीच व्हावी लागते, आणि नोंद नसेल तर अपघाताच्या दिवशी विमा कंपनी बोट त्याच कागदावर ठेवते. त्यामुळे आधीच कॅराव्हॅन म्हणून नोंदलेली जुनी गाडी शोधायची आणि आतली मांडणी आपल्या सोयीची करून घ्यायची, असा मधला मार्ग ठरला. एकूण वजन साडेसात टनांच्या आत असलं की मोटारीच्या लायसन्सवर चालवता येते. लायसन्स मात्र या वयात पाच-पाच वर्षांनीच वाढतं, डोळे तपासून. माझं २०२९ पर्यंत आहे. तीन-चार उन्हाळे, असा त्याचा अर्थ मी मनात लावून ठेवला, बोललो नाही.

विजेचं गणित मला सगळ्यात आवडलं. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. दोनशे अँपिअर-अवरची बारा व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट. टपावर चारशे वॉटचे सोलर पॅनल टाकले तर दिवसाकाठी दीड-दोन युनिट येतात. म्हणजे अख्ख्या दिवसाचं ऊन गोळा करून रात्री दोन तास थंड व्हायचं. जनरेटर लावता येतो, पण डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथं उभ्या कॅराव्हॅनमध्ये झोपलेली दोन माणसं जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडनं गेली, ती बातमी वाचल्यावर मी तो रकाना खोडला. राहिला आपला वऱ्हाडी कुलर. तो दीडशे वॉटवर चालतो, पण कोरड्या मेमध्ये तासाला पाच-सहा लिटर पाणी पितो. रात्रभरात साठ लिटर. गाडीची पाण्याची टाकीच शंभर लिटरची. कुलरला पाजायचं की आपण प्यायचं?

यातून निघालेला धडा सोपा होता: गाडीत गारवा न्यायचा नाही, गाडी गारव्यात न्यायची. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. वर्धा समुद्रसपाटीपासून दोनशे तीस-चाळीस मीटरवर, पचमढी हजाराच्या थोडी वर. पाच अंश हवेतच मिळतात, फुकट. चिखलदऱ्याचंही तेच. एसी गेला, त्याच्या जागेवर पंखे आणि टपाला जाड थर्माकोल आला, दीडशे किलो वजन वाचलं. मी स्वतःवर खूश होतो.

मागच्या जानेवारीत एका सकाळी मी अंगणात चुन्यानं गाडी काढली. ट्रॅव्हलरमध्ये चालकाच्या मागं जी जागा उरते ती अकरा फूट बाय पावणेसहा फूट. तेवढा चौकोन ओढला आणि आत घर मांडलं. मागं आडवा पलंग, त्याच्याखाली सामान. डाव्या बाजूला ओटा, सिंक, लहान फ्रिज. गॅस घरचा चौदा किलोचा नको म्हणून पाच किलोचा, आणि जोडीला इंडक्शन. उजवीकडे समोरासमोर दोन बाकं, मध्ये घडीचं टेबल. दाराशी चप्पल काढायला जागा. शेजारची पोरं लंगडीचा डाव समजून उड्या मारायला आली, त्यांना हाकललं. मग बाईंना बोलावलं.

बाई चष्मा पुसत आल्या. दारातूनच आत शिरल्या, चुन्याची रेघ न ओलांडता, ते मला फार आवडलं. ओट्याशी उभ्या राहिल्या, हात फिरवून पाहिले. पलंगावर, म्हणजे फरशीवर, बसून पाहिलं. मग उठल्या आणि चारही बाजूंना बघून म्हणाल्या, "सगळं आहे जी. मंग संडास कुठं आहे?"

मी तयारच होतो. म्हटलं, तीन बाय तीनची जागा जाते त्यात. पावणेसहा रुंदीतली तीन. पलंग अर्धा फूट आखूड होतो, ओटा निम्मा होतो. शिवाय आता हायवेवर दर पेट्रोल पंपावर संडास आहे, ढाबे आहेत, हॉटेलं आहेत. पैसे, वजन, वास, कशाला ती ब्याद?

बाई काही बोलल्या नाहीत. दाराच्या रेघेतून बाहेर पडून घरात गेल्या. एकतीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं की ती भांडली तर बरं असतं.

संध्याकाळी चहाला बसलो तेव्हा तिनं सुरुवात केली, वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलावं तशी, माझ्याकडे न बघता. तिची पहिली शाळा ज्या गावात होती त्याचं नाव इथं नको. एसटीतून फाट्यावर उतरायचं आणि दीड किलोमीटर चालायचं. शाळेत दोन खोल्या, तीन मास्तर आणि ही एकटी बाई. मास्तर भिंतीमागं जायचे. "सप्टेंबर ते जानेवारी सोपं असते," ती म्हणाली. "पऱ्हाटी छातीएवढी होते, मधात तुरीच्या ओळी असतात. आडोसा असतो. फेब्रुवारीत पऱ्हाटी उपटली की रान उघडं पडते. मंग पावसाळ्यापर्यंत काहीच नाही. पावसाळ्यात गवत असते, पण साप असतात." फाट्यावर एका म्हातारीचं घर होतं, तिच्या मागच्या न्हाणीत जाता यायचं, म्हातारी वारली तशी सुनेनं दार लावून घेतलं. पुढच्या एका शाळेत संडास बांधला गेला, त्याला पाणी नव्हतं, मग त्यात खिचडीचं सरपण ठेवू लागले. तिसऱ्या शाळेत सगळं होतं, पण किल्ली मोठ्या गुरुजींच्या खिशात, आणि चार पुरुषांसमोर उठून ती किल्ली मागायची.

म्हणून तिनं पाणी सोडलं. सकाळचा चहा अर्धा कप, आणि मग घरी येईपर्यंत काही नाही. तीस वर्षं. पाळीच्या दिवसांत काय करत होती ते तिनं सांगितलं, ते मी लिहीत नाही.

तिला दोनदा मुतखडा झाला होता. पहिल्यांदा १९९९ मध्ये, दुसऱ्यांदा मुलगा दहावीला असताना. लघवीची जळजळ तर नेहमीचीच. डॉक्टर म्हणायचे, पाणी भरपूर प्या. मी रजा काढून यायचो आणि डॉक्टरांच्या वर आवाज चढवून म्हणायचो, "शिकलेली बाई तू, तुला साधं पाणी पिणं जमत नाही?" ती मान हलवायची. आठवड्याचे सहा दिवस मी नागपुरात होतो आणि सातव्या दिवशी जेवून झोपत होतो. हिच्या डोक्यात या तालुक्याचा एक वेगळाच नकाशा आहे, कुठल्या महिन्यात कुठलं शेत उभं असतं, कुठल्या घरची बाई दार उघडते, कुठल्या चहावाल्याच्या मागं भिंत आहे, हे मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. मुंबईत बायकांच्या संस्थांनी २०११ मध्ये 'राइट टू पी' नावाची मोहीम काढली, तेव्हा पेपरात ते नाव वाचून कार्यशाळेत आम्ही दात काढले होते. दात काढणाऱ्यांत मी होतो.

खरं तर मला त्याच दिवशी गाडीचा नकाशा बदलता आला असता. आठ-दहा दिवस मी टाळलं, आणि कारण जागेचं नव्हतं. गाडीत संडास म्हणजे त्याची टाकी. टाकी भरते. भरलेली टाकी कुणीतरी उचलून रिकामी करायची. हे कुणीतरी कोण?

हिंगणघाटला माझ्या मामाच्या वाड्यात टोपलीचा संडास होता. मागच्या बोळातून एक बाई सकाळी येऊन टोपली काढून न्यायची. सुट्टीत मामाकडे गेलो की आम्हा पोरांना ती यायच्या वेळी मागच्या अंगणात जायची बंदी. तिचं नाव मला कधी कळलं नाही. मामी तिला शिळी भाकरी वरून टाकायची, ते आठवतं. कायद्यानं ती प्रथा १९९३ मध्ये बंद केली आणि २०१३ मध्ये कायदा आणखी कडक केला. पण तो वास आणि ती मनाई कुठंतरी अंगात राहिली असणार, कारण त्या टाकीच्या कल्पनेनं माझ्या पोटात ढवळलं. आणि आम्ही वर्ध्याचे! पवनारहून विनोबा १९४६ मध्ये रोज खांद्यावर फावडं टाकून सुरगावला चालत जायचे आणि तिथला मैला उचलायचे, ही गोष्ट माझे वडील अभिमानानं सांगत. सेवाग्रामच्या आश्रमात संडाससफाई नेमाची होती, हेही सांगत. स्वतः मात्र त्यांनी जन्मात मोरीसुद्धा धुतली नाही. ती आई धुवायची.

याच सुमारास भावाच्या शेतात कच्छी रबाऱ्यांचा डेरा बसला. पीक निघालं की शेतात मेंढ्या बसवायच्या, दोन-तीन रात्रींत लेंडीखत पडतं, त्याबद्दल धान्य किंवा पैसे द्यायचे, असा हा आमच्याकडचा जुना व्यवहार. हे लोक कित्येक वर्षांपासून विदर्भात फिरतात, उंटांवर संसार लादून. उलट्या खाटा, भांडी, पखाली, नुकती झालेली कोकरं आणि वर बसलेलं पोर. २०२२ च्या जानेवारीत यांच्याच समाजाचे अठ्ठावन्न उंट अमरावती जिल्ह्यात पोलिसांनी जप्त केले होते आणि ते कोर्टातून सोडवून घ्यावे लागले होते, तेव्हा यांची नावं पेपरात आली. एरवी कुणाचं लक्ष नसतं. मला वाटलं, हंगामानुसार राहायचं कसं, सामान किती न्यायचं, हे यांना विचारावं. मी पुरुषांशी बोलत बसलो: पाणी कुठं भरता, वाट कोण ठरवतं, पाऊस लागला तर काय. चांगली माहिती मिळाली. उंटावर जे चढत नाही ते लागत नाही, असं एकजण म्हणाला, ते मी वहीत लिहून घेतलं.

बाई खाटेपाशी बायकांत बसल्या होत्या. परत येताना मी विचारलं, काय बोललात? म्हणाल्या, "मी विचारलं, पोट बिघडलं तर काय करता? तर म्हणे, अंधार पडायची वाट बघतो."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चुना काढला.

संडास गाडीच्या अगदी मध्ये, मागच्या चाकाच्या वर आला. वजन तिथंच असावं लागतं, मागच्या टोकाला ठेवलं तर गाडीचं पुढचं चाक हलकं पडतं. एवढं माझं ज्ञान कामी आलं. पलंग आडवा होता तो उभा केला आणि पाच फूट दहावर आणला. मी पाच फूट नऊ. ओटा अडीच फुटांचा राहिला. फ्रिज गेला, आइसबॉक्स आली. मग प्रश्न उरला टाकीचा. गाडीच्या पोटाखाली साठ-सत्तर लिटरची कायमची टाकी लावता येते, पण ती उपसायला जी सोय परदेशात तळातळांवर असते ती आपल्या रस्त्यांवर नाही. झाकण उघडून नाल्यात सोडणारे असतील, आम्हाला तसलं करायचं नव्हतं. दुसरा प्रकार कॅसेटचा. सतरा-अठरा लिटरचा डबा बाहेरच्या खिडकीतून काढायचा, त्याला चाकं आणि दांडा असतो, आणि कुठल्याही संडासात नेऊन ओतायचा.

पण हे कॅसेट कागदवाल्यांसाठी केलेले आहेत. आपण पाण्यानं धुतो. विकणारा सांगतो की दोन माणसांना तीन दिवस पुरतो. बाईंनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. तिनं घरच्या संडासात एक खुणा केलेला प्लास्टिकचा मग ठेवला आणि पाच दिवस वहीत नोंदी केल्या, माझ्याही करायला लावल्या. धुवायला आणि टाकायला मिळून एका वेळी दीड लिटरच्या खाली काही आम्हाला जमेना. म्हणजे अकरा-बारा वेळा. लघवीला वेगळं भांडं केलं तर तीन दिवस जातील, नाही तर एक दिवस. वहीच्या तळाशी तिनं लाल पेनानं लिहिलं: 'जादा डबा एक घ्यावा.' आणि त्याखाली: 'डबा रिकामा करणे: हे.' या वयातसुद्धा ती वहीत माझं नाव लिहीत नाही.

मी तो कागद दोन दिवस टेबलावर तसाच राहू दिला. मग सही केली. सही कशाला केली कोण जाणे, पण केली.

नागपुरात एका गृहस्थांकडे आमच्या मापाची कॅराव्हॅन विकायला होती. नोंदणी रीतसर, आत कॅसेटचा संडास आधीच बसवलेला, वापर कमी. अकरा लाखांपासून सुरू झालेली बोलणी साडेनऊवर येऊन थांबली होती. ते म्हणाले, दोन दिवस घेऊन जा, राहून बघा, मग ठरवा. फेब्रुवारीचे दिवस. नागपूरला आम्ही एसटीनं गेलो, आणि बाईंनी सवयीनं सकाळी चहासुद्धा घेतला नाही. येताना गाडी मी चालवत आणली. चौरस्त्यावर नेहमीच्या टपरीशी थांबलो. बाई खाली उतरल्या नाहीत. वरूनच पाण्याची बाटली मागवली आणि झाकण उघडून एका दमात निम्मी प्यायल्या. मग थोडं थांबून उरलेली. टपरीवाला माझ्याकडे बघत होता, मी गाडीच्या टायरकडे.

ती रात्र आम्ही पांढरकवड्याच्या अलीकडे एका पंपाच्या आवारात काढली. पलंग मला पुरला, कोपरं मात्र बाईंना लागली. टपावरून ट्रकचे आवाज येत होते, लहानपणी घरात यायचे तसेच. रात्री दोनच्या सुमारास बाई उठल्या, चार पावलं चालून गेल्या, परत येऊन झोपल्या. पंपाचे दिवे, झोपलेले ड्रायव्हर, कुत्री, काही मध्ये आलं नाही. सकाळी मी विचारलं, झोप लागली का? म्हणाल्या, "बारा वेळा उठली असती तरी चाललं असतं."

घरी आलो तेव्हा नऊ वाजले होते. खिडकी उघडून डबा बाहेर ओढला. सोबत मिळालेलं निळं औषध आम्ही टाकलं नव्हतं, कारण त्यानं घरच्या सेप्टिक टँकमधले जीव मरतात असं मी वाचलं होतं. त्यामुळे वास जो असायचा तो होता. डब्याची चाकं आमच्या अंगणातल्या फरशीवर गडगड वाजतात. चुन्याच्या रेघा अजून पुसल्या नव्हत्या, त्यांच्यावरूनच तो ओढत नेला. फाटकाशी शेजारचा पोरगा सायकल धरून उभा होता.

"काका, काय आणलं जी? जनरेटर आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

तो जवळ आला, वास आला तसा दोन पावलं मागं सरला, आणि माझ्याकडे बघू लागला. बाई ओसरीवर उभ्या होत्या, हातात पाण्यानं भरलेली बादली. त्यांनी ती माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "आधी झाकण नीट फिरवा, मंग उचला. कमरेतून नका वाकू."